पाळी गेल्यानंतरचं हार्मोन: भीती नेमकी कशाची, आणि कोणाला?

१० नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एक निर्णय जाहीर केला. पाळी गेल्यानंतर दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या औषधांवर २००३ पासून काळ्या चौकटीत एक इशारा छापला जात होता. हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांचा तो इशारा आता काढायचा. बातमी मोबाइलवर फिरत दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत पोचली आणि पोचेपर्यंत तिचे दोन अर्थ झाले होते. कुणी म्हणालं, "बघा, काही धोका नव्हताच." कुणी म्हणालं, "हा सगळा औषध कंपन्यांचा खेळ."

दोन्ही अर्थ बाईच्या कामाचे नाहीत. हार्मोन चांगलं की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. बाईचं वय काय, पाळी जाऊन किती वर्षं झाली, पिशवी आहे की काढलेली, आणि औषध तोंडाने घ्यायचं की त्वचेवर लावायचं, हे कळल्याशिवाय धोका जास्त की कमी ते कोणालाच सांगता येत नाही.

आत काय घडतं

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. आपल्याकडे हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. चाळिशीच्या आत पाळी गेली तर ती अकाली. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर हा बदल शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच अंगावर येतो आणि जास्त तीव्र असतो.

अंडाशय थकलं की इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा आहे, तिचं काम टाकीतल्या फ्लोटसारखं असतं. पाणी फार खाली गेलं की पंप सुरू, फार वर आलं की बंद, मधल्या पातळीत शांतता. इस्ट्रोजेन घटलं की ही मधली पातळी अगदी अरुंद होते. एरवी शरीराने मनावरही घेतला नसता इतक्या फरकाने पंप सुरू होतो.

मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरायला बसलेल्या बाईकडे नीट बघा. छातीतून एक वाफ उठते, गळ्यावरून चेहऱ्यावर चढते, कान तापतात. दोन-चार मिनिटांत पोलकं पाठीला चिकटतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे सुटकाही लवकर मिळत नाही. मग एकदम हुडहुडी. हेच रात्री तीनदा झालं की झोप गेली, आणि झोप गेली की चिडचिड, विसरभोळेपणा, सांधेदुखी सगळं दुप्पट वाटतं. एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात हा त्रास सरासरी सात वर्षांहून जास्त टिकलेला दिसला. "ह्या वयात असा होताच, गप रव" असं म्हणून सात वर्षं काढायला सांगणं अन्यायाचं आहे.

२००२ साली काय झालं

अमेरिकेत सरकारी पैशाने बायकांच्या आरोग्याचा एक प्रचंड अभ्यास चालू होता. त्यात १६,६०८ बायकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं होतं. एका गटाला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनसारखं काम करणारं कृत्रिम औषध) यांची एकत्र गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. जुलै २००२ मध्ये हा भाग मुदतीआधीच थांबवला गेला. बातमी आली: स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला. जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या, डॉक्टरांनी लिहिणं बंद केलं.

२६ टक्के म्हणजे किती? ३० रुपयांचा नारळ ३८ ला गेला तर तो सुमारे २७ टक्के महाग झाला, पण खिशातून जादा गेले आठच रुपये. इथेही तसंच. गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला, घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांमागे वर्षाला आठ जास्त. पक्षाघाताचेही आठ जास्त, हृदयविकाराचे सात जास्त. उलट मांडीचं हाड खुब्यात मोडण्याचे पाच कमी आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे सहा कमी. आठ हा आकडा छोटा आहे, पण शून्य नाही. ज्या आठ घरांत तो येतो तिथे तो पूर्ण असतो, म्हणून त्याला हसण्यावारी नेऊ नये.

दुसरी गोष्ट मथळ्यांत आली नाही. अभ्यासातल्या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या, सरासरी वय ६३. अंगातून वाफा निघतात म्हणून औषध मागणारी बाई मात्र असते ४७-४८ ची. शिवाय तपासलं होतं ते एकच औषध: घोडीच्या लघवीपासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि एक जुनं कृत्रिम प्रोजेस्टिन, तेही तोंडाने. आज बहुधा वेगळी औषधं वापरतात. याच अभ्यासातल्या बायकांची पुढे अठरा वर्षांची माहिती तपासली, तेव्हा गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्यांच्या एकूण मृत्यूंच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

वेळ इतकी महत्त्वाची का

समुद्रकाठच्या घराच्या खिडकीचे गज आठवा. नव्या गजाला वेळेवर रंग दिला तर तो टिकतो. आत गंज चढल्यावर वरून रंग फासला तर पापुद्रे सुटतात. रक्तवाहिन्यांचंही साधारण असंच. पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत आणि साठीच्या आत औषध सुरू केलं तर निरोगी बाईच्या हृदयाला धोका वाढलेला दिसत नाही. पासष्टीत, वाहिन्यांत चरबीचे थर साचल्यावर पहिल्यांदा सुरू केलं तर धोका वाढतो. पासष्टीपुढे सुरू केलेल्या बायकांत स्मृतिभ्रंशही जास्त दिसला होता. म्हणून सत्तरीतल्या आईला कोणी "हाडांसाठी" म्हणून हार्मोन सुरू करून देत असेल तर थांबा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

गोळी की जेल: वाशी मार्केटची वाट

देवगडचा आंबा गिऱ्हाइकाच्या हातात पडण्याआधी बहुतेकदा वाशी मार्केटला उतरतो. पोटात घेतलेल्या गोळीचंही तेच. आतड्यातून ती आधी यकृतात जाते, सगळा माल तिथे एकदम उतरतो, आणि मग उरलेलं शरीराला मिळतं. रक्त गोठवणारे घटक यकृतच तयार करतं. इस्ट्रोजेनचा लोंढा आला की ते हे घटक जास्त बनवतं. पायाच्या शिरेत गुठळी होणं, ती सुटून फुप्फुसात अडकणं, हा धोका इथून येतो. त्याच २००२ च्या अभ्यासात गुठळ्यांचं प्रमाण दहा हजारांमागे वर्षाला १६ वरून ३४ वर गेलं होतं.

त्वचेवर लावलेलं जेल किंवा चिकटपट्टी म्हणजे बागेतून थेट गिऱ्हाइकाच्या घरी. औषध सरळ रक्तात जातं, यकृतावर लोंढा येत नाही. नेहमीच्या मात्रेत त्वचेवाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढलेला मोठ्या पाहणी-अभ्यासांत आढळला नाही. वजन जास्त, रक्तदाब, अर्धशिशी, रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढलेली, किंवा मुंबई-कोकण असा रात्रभर पाय लोंबकळत प्रवास नेहमीचा असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा आणि "मला जेल चालेल का?" असं विचारा.

पिशवी असेल तर एकटं इस्ट्रोजेन कधीच नाही

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासाठी इस्ट्रोजेन म्हणजे पाऊस. पाऊस पडला की भाताबरोबर रानही माजतं, म्हणून बेणणी करावी लागते. प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन ती बेणणी करतं. ते दिलं नाही तर अस्तर वाढत राहतं आणि पुढे त्यात कर्करोग होऊ शकतो. हे १९७५ सालीच उघड झालं. अमेरिकेने आता बाकीचे इशारे काढले, पण एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराला होणाऱ्या कर्करोगाचा इशारा चौकटीत तसाच ठेवला आहे.

व्यवहारात चूक होते ती अशी. दोन औषधं लिहिलेली असतात. प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलने झापड येते, म्हणून बाई ती सोडते आणि जेल चालू ठेवते, कारण बरं वाटतं ते जेलने. किंवा दुकानात एक औषध मिळत नाही आणि दुसरं मिळतं. सोडायचीच असतील तर दोन्ही सोडा, एकटं इस्ट्रोजेन चालू ठेवू नका. झापड येते ती गोष्ट उपयोगाची करून घेता येते: कॅप्सूल झोपतानाच घ्यायची. पाळी जाऊन वर्ष उलटलं असेल तर साधारणपणे नैसर्गिक रूपातलं प्रोजेस्टेरॉन १०० मिलिग्रॅम रोज रात्री, आणि पाळी अजून अधूनमधून येत असेल तर महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम देतात. मात्रा तुमच्या डॉक्टरांनी ठरवायची.

पिशवी काढलेल्या बाईला प्रोजेस्टेरॉनची सहसा गरज नसते, आणि तिच्या बाबतीत स्तनाच्या कर्करोगाचा हिशेबही वेगळा आहे. एकट्या इस्ट्रोजेनने तो धोका २००२ च्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात वाढला नाही, उलट कमी दिसला. इतर अभ्यासांत किंचित वाढ दिसली. आपल्याकडे बऱ्याच बायकांना पिशवी काढली एवढंच माहीत असतं, अंडाशयं ठेवली की नाही ते माहीत नसतं. शस्त्रक्रियेचा कागद ट्रंकेत असेल तर शोधून काढा.

"मग चौकट काढली म्हणजे स्तनाच्या कर्करोगाची भीती संपली?"

नाही. २०१९ मध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्र मांडणी प्रसिद्ध झाली. पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं रोज दोन्ही हार्मोन घेतली, तर पुढच्या वीस वर्षांत हजारातल्या ६३ ऐवजी ८३ जणींना स्तनाचा कर्करोग होतो, म्हणजे पन्नास जणींमागे एक जास्त. प्रोजेस्टेरॉन महिन्यातले काहीच दिवस घेतलं तर सत्तर जणींमागे एक. घ्यायची वर्षं वाढली की धोका वाढतो, म्हणून दर वर्षी "अजून गरज आहे का?" हा प्रश्न विचारायचा.

तराजूत दुसरं पारडंही ठेवायला हवं. ब्रिटनमध्ये बायकांना दाखवला जातो त्या हिशेबानुसार ५० ते ५९ वयाच्या हजार बायकांत पाच वर्षांत २३ जणींना हा कर्करोग होतो. दोन्ही हार्मोन घेतली तर त्यात सुमारे ४ ची भर, लठ्ठपणाने मात्र २४ ची. पोटाचा घेर वाढू दिला आणि गोळीला भ्यायलो, तर भीती चुकीच्या दाराशी बसली आहे.

कोणी घेऊ नये

स्तनाचा कर्करोग झालेला असेल, अंगावरून विनाकारण रक्त जात असेल आणि त्याचा तपास झाला नसेल, यकृताचा आजार चालू असेल, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, तर हार्मोन नको. पायात गुठळी होऊन गेली असेल तर गोळी नकोच, जेलचाही निर्णय तज्ज्ञांचा. आई, बहीण किंवा मावशीला कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. लग्नाच्या मुली आहेत म्हणून घरातला कर्करोग झाकून ठेवायची सवय अजून गेलेली नाही, आणि इथे ती जिवावर बेतू शकते.

सुरू करण्याआधी

पंचेचाळिशीनंतर वाफा आणि अनियमित पाळी असेल तर निदानासाठी हार्मोनची महागडी रक्ततपासणी सहसा लागत नाही. या काळात ते आकडे आठवड्याला बदलतात. त्यापेक्षा थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघा, कारण धडधड, थकवा आणि घाम यांचं मूळ तिथेही असू शकतं. रक्तदाब, वजन, साखर, कोलेस्टेरॉल, स्तनांची तपासणी आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), गर्भाशयमुखाची पॅप तपासणी, आणि गरजेप्रमाणे अस्तराची जाडी पाहणारी सोनोग्राफी. मॅमोग्राफी प्रत्येक तालुक्यात नाही. जिल्ह्याच्या गावी, नाहीतर कोल्हापूर, गोवा किंवा मुंबई गाठावी लागते. त्या फेरीतच बाकीच्या तपासण्याही उरका आणि फिल्म जपून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला लागते.

घामाबरोबर छातीवर दाब, जबडा किंवा डावा हात दुखणं असेल तर ती "पाळी जायची लक्षणं" समजून घरी बसू नका.

जेल घरी आल्यावर

आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करा. पावसाळ्यात पंख्याखाली पाच मिनिटं बसा, ओलसर त्वचेवर जेल नीट बसत नाही. दंडावर किंवा मांडीवर पातळ पसरवा, चोळत बसू नका. छातीवर कधीच लावायचं नाही. नेहमीच्या ०.०६ टक्के जेलच्या १.२५ ग्रॅमच्या एका मापात ०.७५ मिलिग्रॅम इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) असतं, आणि सुरुवात साधारण एक-दोन मापांनी होते. पाच मिनिटं वाळू द्या, हात साबणाने धुवा, तासभर त्या जागेवर पाणी घेऊ नका. नातवंड कडेवर घेणार असाल तर ती जागा कपड्याने झाकलेली हवी. लहान मुलाच्या अंगाला हे औषध लागणं चांगलं नाही.

फरक जाणवायला काही आठवडे लागतात. वाफांची संख्या सरासरी तीन चतुर्थांशाने कमी होते. पहिल्या तीन-सहा महिन्यांत थोडं रक्त दिसू शकतं, स्तन दुखू शकतात. सहा महिन्यांनंतर रक्त दिसलं, किंवा मधे थांबून पुन्हा सुरू झालं, तर "पाळी परत आली" म्हणून आनंद मानू नका, डॉक्टरांकडे जा. एकाच पोटरीला सूज आणि ठणका, अचानक दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं यांपैकी काही झालं तर थेट १०८. पहिली भेट तीन महिन्यांनी, मग वर्षातून एकदा.

हे औषध गर्भनिरोधक नाही, हेही सांगायला हवं. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यावी लागते.

गणपतीतली गोळी वेगळी

हार्मोनच्या नावाने घाबरणारी बाई गणपतीच्या तोंडावर पाळी पुढे ढकलायची गोळी मात्र दुकानातून सहज आणते. ती बहुधा ५ मिलिग्रॅमची नॉरएथिस्टेरॉन, दिवसातून तीनदा. या मात्रेत तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि गुठळीचा धोका वाढवतो. ४८ वर्षांची, वजनदार, रक्तदाबाची बाई चाकरमान्यांच्या गर्दीत रात्रभर बसमधून येते आणि ही गोळी चालू असते, हे चित्र काळजीचं आहे. तीच गोळी वाफांवरचा उपचार म्हणून शेजारणीला देणं तर पूर्ण चूक.

"आमच्या आज्यांनी काय केलं?"

सोसलं. आणि कमरेत वाकल्या. मणका दबून पाठीला येणारं पोक हे बऱ्याचदा इस्ट्रोजेन गेल्यावर ठिसूळ झालेल्या हाडांचंच असतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं झपाट्याने झिजतात, आणि हार्मोन चालू असेपर्यंत ती झीज रोखली जाते. पण ज्या बाईला त्रासच नाही, तिने केवळ पाळी गेली म्हणून हार्मोन घ्यायची गरज नाही. अकाली पाळी गेलेल्या बाईची गोष्ट वेगळी. तिला बहुधा नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावं लागतं, कारण ते तिच्या वयाला शरीरात असायलाच हवं होतं. २००२ चे धोक्याचे आकडे तिला लावू नयेत.

हाडांसाठी घरातही पुष्कळ आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि या वयात रोज १,२०० मिलिग्रॅम लागतं. काट्यासकट खाल्लेली बारीक सुकी मासळी यात मोलाची, फक्त रक्तदाब असेल तर तिचं मीठ धुऊन काढा. सोलकढीने पोटाला गारवा वाटतो, वाफा थांबत नाहीत. सोयाबीन आणि जवसाचा परिणाम अभ्यासांत कधी दिसतो, कधी नाही.

ज्यांना हार्मोन चालत नाही त्यांच्यासाठी व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन अशी औषधं वाफा काही प्रमाणात कमी करतात. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन हे औषध घेणाऱ्या बाईने वाफांसाठी दिलं जाणारं पॅरोक्सेटिन मात्र टाळावं, ते टॅमॉक्सिफेनचं काम अडवतं.

फक्त खाली कोरडेपणा असेल तर

जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं, पुन्हा पुन्हा लघवीचा जंतुसंसर्ग. याबद्दल बायका सर्वांत कमी बोलतात आणि याचाच उपाय सर्वांत सोपा आहे. योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम: सहसा दोन-तीन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात ते अगदी नगण्य पोचतं, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही आणि वर सांगितलेले धोके त्याला लागू होत नाहीत. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारायचं.

अंगभर काम करणारी गोळी किंवा जेल एक दिवस थांबवायचं असतं. एकदम थांबवा किंवा मात्रा हळूहळू उतरवा, काही जणींना वाफा थोड्या काळापुरत्या परत येतात. कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, वयाबरोबर वाढतो. त्यामुळे हे क्रीम आठवड्यातून दोनदा साठीतही, सत्तरीतही चालू ठेवता येतं.